माळावरचे खोकड कशाने कमी होते : कुत्र्याने, की माळ हरवल्याने?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या भागातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी त्यात बदल करून, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे न्यायालयाने सांगितले आणि हा विषय देशभर घरोघर बोलला जाऊ लागला. त्या चर्चेत रस्ते होते, शाळा होत्या, रुग्णालये होती. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील माळरान मात्र त्यात जवळजवळ नव्हते. शहरातील वादाला दोनच बाजू असतात, माणूस आणि कुत्रा. माळावर तिसरीही बाजू आहे, ती म्हणजे खोकड (कोल्ह्याहून लहान असा माळावरचा वन्य प्राणी), लांडगा, ससा, कोल्हा, तरस यांची, आणि तिच्या वतीने बोलणारे फार थोडे आहेत.

कोरड्या प्रदेशातील देशी सस्तन प्राणी कशामुळे संपतात, या प्रश्नाचा जगात सर्वाधिक अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आहे, कारण या बाबतीत सर्वाधिक नुकसानही त्याच देशाने सोसले आहे. त्या अभ्यासातून निघालेली एक गोष्ट आपल्या माणदेशालाही, म्हणजे याच कोरड्या पट्ट्यालाही, लागू पडते. शिकारी प्राणी एकटा क्वचितच एखादी जात संपवतो आणि केवळ गवत कमी झाल्यानेही जात सहसा संपत नाही. दोन्ही एकत्र आले, की एकाने दुसऱ्याची धार वाढते. हे कसे होते, ते या लेखात पायरीपायरीने पाहू.

## माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीने ढग अडवल्यावर पलीकडे जी पर्जन्यछाया उरते, तिच्यात माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतचा पट्टा येतो. इथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि वर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते. मधूनमधून बोर, हिवर, तरवड. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते, आणि या एका नोंदीने माळाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे अनेक दुष्काळांनीही केले नसेल, असे मला वाटते. जिथे काहीच नाही असे कागद म्हणतो, तिथे काहीही करायला कोणाला संकोच वाटत नाही.

वास्तविक हा हजारो वर्षांत घडलेला गवताळ अधिवास आहे. अधिवास म्हणजे प्राण्याला अन्न, आडोसा आणि पिले वाढवण्यासाठी सुरक्षित जागा या तिन्ही गोष्टी जिथे मिळतात तो परिसर. ससा दिवसभर गवताच्या बेचक्यात दबून बसतो. गवत गुडघाभर असेल तर तो दिसत नाही, बोटभर असेल तर लांबून दिसतो. खोकडाची गरज वेगळी असते. कोल्ह्याहून लहान असलेला, दोन ते साडेतीन किलो वजनाचा, शेपटीच्या टोकाला काळा झुपका असलेला हा प्राणी उघड्या माळावर, दूरवरचे दिसेल अशा जागी बीळ खोदतो आणि उंदीर, टोळ, सरडे, बोरे यांवर जगतो. लांडग्याला पिलांसाठी माणसांची वर्दळ नसलेली घळ किंवा कपार लागते. म्हणजे एकाच माळावर प्रत्येकाची ‘चांगली जागा’ निराळी आहे, आणि पुढचे बरेचसे विवेचन याच भेदावर उभे आहे.

## आगंतुक भक्षक कोणाला म्हणायचे

जो शिकारी प्राणी एखाद्या प्रदेशात स्वतःहून पोहोचला नाही, तर माणसाने जाणूनबुजून किंवा नकळत तिथे आणला आणि तिथे तो मोकळा फिरून शिकार करू लागला, त्याला आगंतुक भक्षक म्हणतात. मांजर, लाल कोल्हा (इंग्रजीत ‘रेड फॉक्स’; आपल्या माळावरच्या कोल्ह्याहून वेगळा), कुत्रा, उंदीर आणि काही बेटांवर सोडलेले मुंगूस ही त्याची जगभरातील ठळक उदाहरणे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार आधुनिक काळात नामशेष झालेल्या पक्षी, सस्तन प्राणी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १४२ जातींच्या नाशात अशा भक्षकांचा हात होता.

आगंतुक भक्षक स्थानिक भक्षकापेक्षा अधिक घातक का ठरतो? त्याचे एक कारण सावजाच्या वागण्यात आहे. ज्या प्राण्याच्या शेकडो पिढ्या एखाद्या शिकाऱ्यासोबत वाढल्या, त्याला त्या शिकाऱ्याचा वास, चाल आणि वेळ ओळखता येते. नव्या शिकाऱ्याच्या बाबतीत ही ओळखच नसते. तो जवळ आला तरी सावज पळत नाही. दुसरे कारण अन्नाच्या हिशेबात दडलेले आहे आणि त्याकडे थोड्या वेळाने वळू.

## ऑस्ट्रेलियात काय घडले

१७८८ मध्ये ब्रिटिशांची वसाहत ऑस्ट्रेलियात वसली आणि तिच्याबरोबर मांजरे आली. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून चोवीस ससे मागवून व्हिक्टोरिया प्रांतात सोडले. काही दशकांत ते खंडभर पसरले. लाल कोल्हाही शिकारीच्याच हौसेसाठी आणला गेला आणि १८७० च्या दशकापर्यंत तो तिथे स्थिरावला. याच काळात मेंढ्या आणि गुरांचे प्रचंड कळप कोरड्या प्रदेशात शिरले.

त्यानंतर त्या खंडातून तीसहून अधिक देशी सस्तन जाती कायमच्या गेल्या. गेल्या दोन शतकांत साऱ्या जगात नामशेष झालेल्या सस्तन जातींपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या ऑस्ट्रेलियातल्या आहेत. त्यांतल्या अनेक अशा भागातल्या होत्या, की जिथे नांगर कधी लागला नाही, शहर कधी वसले नाही. हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. १९८९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी वजनाच्या आधारे यादी मांडली, तेव्हा दिसले की गेलेले किंवा झपाट्याने घटलेले बहुतेक प्राणी ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो या वजनाचे होते. अगदी लहान उंदीर टिकले, मोठी कांगारूही टिकली. मांजराच्या आणि कोल्ह्याच्या तोंडात मावणारे मधले प्राणी गेले. शिवाय मुख्य भूमीवरून पार नाहीसे झालेले काही प्राणी पश्चिम किनाऱ्याजवळच्या बर्नियर आणि डोर या बेटांवर जिवंत राहिले, कारण तिथे कोल्हा कधी पोहोचला नाही.

एवढ्यावरून सारा दोष मांजर आणि कोल्ह्याच्या माथी मारून मोकळे होता आले असते. पण मग एक प्रश्न उरतो. मांजरे तर बहुतेक सर्वत्र पोहोचली आहेत. तरीही काही ठिकाणी देशी प्राणी अजून तग धरून आहेत आणि काही ठिकाणी नाहीत, हे कसे?

## आडोसा गेला की शिकार सोपी होते

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर उत्तर ऑस्ट्रेलियातील किंबर्ली या गवताळ प्रदेशातून मिळाले. तिथल्या रानटी झालेल्या मांजरांच्या गळ्यात संशोधकांनी लहान कॅमेरे बांधले आणि प्रत्येक शिकारीचा प्रयत्न प्रत्यक्ष पाहिला. दाट गवतात किंवा खडकाळ जागेत मांजराचे १७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. उघड्या जागेत ७० टक्के. प्राणी तोच, भूक तीच, सावजही तेच, फक्त गवत नाही आणि यश चौपट. त्याच अभ्यासमालेत असेही दिसले, की नुकताच वणवा लागून गेलेल्या जागी पोहोचण्यासाठी मांजरे आपला नेहमीचा टापू सोडून मैलोन् मैल चालत जातात, कारण तिथे लपायला काही उरलेले नसते.

वणवा किंवा अतिचराई लहान प्राण्याला थेट मारतेच असे नाही. आगीत तो बिळात शिरून वाचू शकतो, चराईनंतर उरलेल्या बुडख्यांवर तो काही दिवस काढू शकतो. खरा घात नंतरच्या आठवड्यांत होतो, जेव्हा तो अन्न शोधायला बाहेर पडतो आणि त्याला झाकायला गवताची काडीही नसते. म्हणूनच ‘वणव्यात मेलेले प्राणी दिसत नाहीत, त्यामुळे वणव्याने नुकसान होत नाही’ हा आपल्याकडे सहज ऐकू येणारा युक्तिवाद टिकत नाही. सातारा आणि सांगलीच्या डोंगरउतारांवर दर उन्हाळ्याच्या तोंडावर वणवे लावले जातात, पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने. ज्या काळात खोकडाची पिले नुकतीच बिळाबाहेर डोकावू लागतात, बहुधा त्याच काळात माळ काळा होतो.

## बाहेरून येणारे अन्न : या प्रश्नाचे मूळ

आता अन्नाच्या हिशेबाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

निसर्गात शिकाऱ्याची संख्या सावजाच्या संख्येने बांधलेली असते. ससे घटले की सशांवर जगणारे घटतात आणि सशांना पुन्हा वाढायला उसंत मिळते. पण शिकाऱ्याला दुसरीकडून अन्न मिळत असेल तर हा लगाम सुटतो. आपल्या भागातलेच उदाहरण घ्यायचे तर, केवळ कोरडवाहू रानावर जगणारे घर दुष्काळाच्या वर्षी गाव सोडते. ज्या घरातला कर्ता परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहे आणि तिथून दरमहा पैसा पाठवतो, ते घर पाऊस पडो न पडो गावातच राहते. आगंतुक भक्षक हा असा बाहेरच्या मिळकतीवर टिकलेला असतो. स्थानिक सावज शेवटच्या दहावर आले तरी तो उपाशी मरत नाही, आणि फिरता फिरता त्या दहांतलेही एखाददुसरे टिपत राहतो.

ऑस्ट्रेलियात ही बाहेरची मिळकत सशांनी पुरवली. सशांनी गवत खाऊन देशी प्राण्यांचा आडोसा नेला आणि स्वतः खाद्य बनून मांजर व कोल्ह्यांची फौज पोसली. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी घाव. याचा पुरावा उलट दिशेनेही मिळाला. १९९५ मध्ये सशांना मारणारा एक विषाणू प्रयोगासाठी ठेवलेल्या बेटावरून निसटून मुख्य भूमीवर पसरला आणि कोरड्या भागातील ससे प्रचंड घटले. पुढच्या वर्षांत तिथल्या काही दुर्मीळ देशी उंदरांचा आणि एका छोट्या शिकारी पिशवीधारी प्राण्याचा विस्तार कितीतरी पटींनी वाढला. त्या प्राण्यांसाठी कोणी कुंपण घातले नव्हते, मांजरेही मारली नव्हती. मांजरांचे पोषण तुटले होते आणि गवत परतले होते.

आपल्या माळावर सशांच्या जागी काय आहे ते पाहावे. विटा-खानापूरपासून कितीतरी गावांत कुक्कुटपालनाचा मोठा व्यवसाय आहे आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा माळाच्या कडेला टाकण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मेलेली जनावरे गावाबाहेर टाकली जातात. पूर्वी गिधाडे ती काही तासांत संपवत. पण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने १९९० च्या दशकापासून गिधाडे इतकी घटली, की २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तरी ती पूर्वीच्या संख्येने परतली नाहीत. गिधाडांनी मोकळे सोडलेले ताट कुत्र्यांच्या वाट्याला आले. यात ढाबे, मंगल कार्यालये, आठवडी बाजाराचा कचरा आणि दर सुगीला येणारी ऊसतोड कामगारांची तात्पुरती वस्ती जमेस धरा. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या १ कोटी ५३ लाख नोंदली गेली. एवढ्या प्राण्यांना माळावरच्या सशांनी पोसलेले नाही. ते आपण पोसलेले आहेत.

## आपल्या माळावर याचा पुरावा आहे का

आहे, आणि तो आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकड आणि कुत्री यांच्या संबंधांचा अनेक वर्षे अभ्यास केला. खोकडांना अन्न ठेवून जवळपास कुत्रा असताना आणि नसताना ती कशी वागतात हे त्यांनी पाहिले. कुत्रा असला की खोकडे कमी खात, वारंवार डोके वर काढून पाहत. कुत्र्याने खोकडाला मारले नाही तरी त्याचे जेवण हिरावले जाते आणि चांगली जागा सोडून त्याला कोपऱ्यात सरकावे लागते. पिलांना दूध पाजणाऱ्या मादीसाठी रोजचे जेवण कमी होणे ही किरकोळ बाब नव्हे.

मारण्याचेही पुरावे आहेत. भारतभरातून माहिती गोळा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्य प्राण्यांवर हल्ले केल्याचे नोंदले गेले आणि त्यांपैकी ३१ जाती जागतिक यादीनुसार धोक्यात आलेल्या होत्या.

तिसरी वाट रोगांची. रेबीज सर्वांना ठाऊक आहे. पण कॅनाइन डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे विषाणूजन्य रोगही खोकड, कोल्हा आणि लांडगा यांना होतात, कारण ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत. नान्नज परिसरातील गावकुत्र्यांच्या रक्तात या रोगांच्या खुणा मोठ्या प्रमाणावर आढळल्या होत्या. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत दगावले, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. जिथे खोकडाची मोजकीच बिळे उरली आहेत, तिथे अशा एका साथीने सगळी रिकामी होऊ शकतात.

चौथी वाट संकराची. पुणे जिल्ह्यातील माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसू लागल्यावर त्यांच्या जनुकांची तपासणी झाली आणि लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. देशात लांडगे उरलेत सुमारे तीन हजार आणि कुत्री दीड कोटी. एकट्या पडलेल्या लांडग्याला जोडीदार म्हणून लांडगा भेटण्यापेक्षा कुत्रा भेटण्याची शक्यता किती वाढली आहे, ते या दोन आकड्यांवरून समजते.

## ‘पण कुत्रा तर आपल्याकडे हजारो वर्षे आहे’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील कोल्हा दीडशे वर्षांपूर्वीचा पाहुणा. आपल्या खोकडाला आणि सशाला कुत्रा पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आपले प्राणी कुत्र्याला पाहून पळतात, म्हणून तिकडच्याइतका झटपट विनाश इथे झाला नाही. कुत्र्याला आगंतुक म्हणावे की नाही यावर त्यामुळे वाद होऊ शकतो, आणि ऑस्ट्रेलियातही डिंगोबाबत तो होतो. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाबरोबर तिथे पोहोचलेल्या या कुत्र्याला आज बरेच जण देशीच मानतात.

परंतु नाव काहीही दिले तरी फरक संख्येचा आहे. धनगराच्या वाड्यावर चार कुत्री मेंढरांमागे चालत, रात्री वाघूर (मेंढरांभोवतीचे जाळीचे कुंपण) राखत आणि कळपाबरोबर पुढच्या मुक्कामाला जात, तेव्हा त्यांचा माळावरचा भार मर्यादित होता. आज कचऱ्याच्या आणि मेलेल्या कोंबड्यांच्या ढिगावर वाढलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली दहा-बारा कुत्र्यांची टोळी बारा महिने एकाच माळावर असते. हजारो वर्षांच्या ओळखीने सशाला पळायचे कळते. पण पळून लपायला गवत नसेल आणि मागे एकाऐवजी दहा असतील, तर ती ओळख अपुरी पडते.

## ‘मग झाडे लावू, आडोसा आपोआप होईल’

या आक्षेपामागची तळमळ मला मान्य आहे, तरीही उपाय चुकीचा आहे असेच म्हणावे लागेल. आडोसा म्हणजे झाड असे समीकरण माळावर लागू होत नाही. नान्नजच्या अभ्यासात खोकडे नैसर्गिक गवताळ जागा पसंत करताना आणि लागवडीची दाट वने टाळताना दिसली. माळावर गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे ओळीने लावली, की गवत सावलीत मरते, दूरवरचे दिसेनासे होते आणि खोकडाचे बीळ खोदण्याचे ठिकाण जाते. वेड्या बाभळीचेही तेच. सशाला हवे आहे गुडघाभर गवत, खोकडाला हवा आहे मोकळा माळ आणि लांडग्याला निवांत घळ. या तिन्हींची जागा एक सरसकट वन घेऊ शकत नाही.

पाण्याच्या कामांबाबतही बोलायला हवे. माण-खटावच्या लोकांनी गेल्या दशकात श्रमदानाने जे सलग समतल चर काढले, त्याबद्दल मनात केवळ आदर आहे. टंचाईने ज्यांचे आयुष्य टँकरच्या रांगेत गेले त्यांना पाणी अडवण्याचा पूर्ण अधिकार आहे. विनंती एवढीच, की यंत्र चालवण्यापूर्वी त्या उतारावर खोकडाचे किंवा तरसाचे वापरातले बीळ आहे का, हे गावातल्या मेंढपाळाला विचारावे आणि तेवढा तुकडा सोडावा. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी जसजसे पोहोचते, तसतसा माळ फुटून ऊस, द्राक्ष आणि डाळिंब उभे राहते. तेही कोणी थांबवावे असे नाही. पण उरलेल्या गवताचे तुकडे आता इतके छोटे होत आहेत, की प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंना वस्ती आणि वस्तीवर कुत्री आहेत. तुकडा जितका लहान, तितके त्याच्या मधोमध पोहोचणे कुत्र्याला सोपे.

## ‘लांडगा मेंढरे मारतो, त्याला कशाला वाचवायचे?’

मेंढपाळाचे नुकसान खरे आहे आणि ते शास्त्राच्या नावाखाली नाकारणे अन्यायाचे होईल. नुकसानभरपाई वेळेत मिळणे हा त्याचा हक्क आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, प्रत्येक मेलेले मेंढरू लांडग्याने मारलेले नसते. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातल्या अभ्यासात जनावरे मारण्यात मोकाट कुत्र्यांचा वाटा हिमबिबट्यापेक्षाही मोठा निघाला. माळावरही गळ्याला एक खोल चावा घेतलेले जनावर आणि मागच्या बाजूने अनेक ठिकाणी फाडलेले जनावर यांतील फरक जुनेजाणते मेंढपाळ ओळखतात. पंचनाम्यात त्या ज्ञानाला जागा असायला हवी.

दुसरी गोष्ट, मोठा देशी शिकारी छोट्या व मध्यम शिकाऱ्यांना वचकून ठेवतो. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रक्षणासाठी पाच हजार किलोमीटरहून लांब कुंपण घालून डिंगोला बाहेर ठेवले गेले. ज्या बाजूला डिंगो नाही तिथे कोल्हे जास्त आणि लहान देशी उंदीर कमी, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. लांडगा गेला की माळ शिकाऱ्याविना राहत नाही. त्याची जागा टोळीने फिरणारा कुत्रा घेतो, ज्याला माणसाचे भय लांडग्याहून कमी असते.

## कुंपण घालावे, की कुत्री मारावीत?

दक्षिण ऑस्ट्रेलियात १९९७ पासून ‘अ‍ॅरिड रिकव्हरी’ नावाचा प्रकल्प १२३ चौरस किलोमीटर जागेला जाळीचे कुंपण घालून चालतो. आतले ससे, मांजरे आणि कोल्हे काढून टाकल्यावर तिथे बिलबी, बेटाँग असे छोटे देशी पिशवीधारी प्राणी पुन्हा सोडले गेले आणि ते वाढले. पण बेटाँग इतके वाढले की त्यांनीच झुडपे खाऊन टाकायला सुरुवात केली. शिवाय कुंपणात जन्मलेल्या पिढ्या शिकाऱ्याची भीती विसरल्या. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजकी मांजरे असलेल्या भागात बिलबी वाढवून पाहिल्या आणि त्या अधिक सावध होऊन जास्त टिकल्या. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यही जवळपास अकरा चौरस किलोमीटरचे आणि कुंपणाचे आहे. तिथे हरणे टिकली, ही मोठी कमाई आहे. पण दिवसाला कितीतरी मैल चालणारा लांडगा कुंपणात राखता येत नाही, आणि माळाला कुंपण घातले तर धनगराची मेंढरे कुठे जातील?

मारण्याबाबत बोलायचे तर, आपल्याकडे कायदा ते करू देत नाही. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग सांगतात. कायदा बाजूला ठेवला तरी ताट भरलेले असताना मारणे निरुपयोगी ठरते, कारण रिकामी झालेली जागा शेजारच्या गावाची कुत्री भरतात. विष घालण्याचा प्रकार तर सर्वांत वाईट, कारण विष घातलेले मांस आधी खोकड, तरस आणि लांडगा खातात. नसबंदीलाही हीच मर्यादा आहे: अन्नाचा ढीग तसाच ठेवून थोड्याच कुत्र्यांची नसबंदी केली, तर संख्या फारशी हलत नाही.

## माणदेशात सुरुवात कुठून व्हावी

माझ्या मते क्रम असा असावा. पहिले काम मेलेल्या कोंबड्यांचे. प्रत्येक पोल्ट्रीला चुन्याचा खोल, झाकणाचा खड्डा सक्तीचा करणे ग्रामपंचायतीच्या ठरावाने होऊ शकते आणि त्याला मोठा निधी लागत नाही. मेलेल्या जनावरांसाठीही गावकुसापासून आणि माळापासून दूर कुंपणाची एक जागा ठरवता येते. अन्न आटू लागले की मग नसबंदी आणि लसीकरण त्या गावांपासून सुरू करावे, ज्यांच्या शिवेला अजून सलग माळ आहे, कारण आज मोहिमा शहरापासून सुरू होतात आणि माळाकाठच्या गावापर्यंत येतच नाहीत. आटपाडीला आता संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले आहे. त्याच्या भोवतालच्या गावांपासून आरंभ करणे सयुक्तिक ठरेल. मेंढपाळांच्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी कळप बाहेर पडण्यापूर्वीच टोचाव्यात, कारण ती कुत्री गावोगाव फिरतात आणि रोगही नेऊ-आणू शकतात.

गवताच्या बाबतीत सगळा माळ एकाच वर्षी चारण्याऐवजी किंवा कापण्याऐवजी आळीपाळीने एक भाग राखावा, म्हणजे उन्हाळ्यातही सशाला दबायला जागा उरेल. ‘राखण’ ठेवण्याची ही पद्धत आपल्या गावांना नवी नाही. हिवाळ्याच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत बिळांच्या आसपास वणवा लागू देऊ नये.

आणि हे सारे उपयोगी पडते आहे की नाही, हे मोजायला मेंढपाळांचीच मदत घ्यावी. मध्य ऑस्ट्रेलियातील वाळवंटात वार्लपिरी समाजाचे लोक मातीवरच्या पावलांवरून मांजराचा माग काढतात आणि तिथले संवर्धन प्रकल्प त्या कौशल्यासाठी त्यांना वेतन देतात. आपल्याकडे कोणत्या घळीत लांडगीण व्याली आणि कोणत्या माळावर खोकडाचे बीळ यंदा रिकामे आहे, हे धनगराच्या पोराला वनखात्याच्या आधी कळते. दरवर्षी पिलांच्या हंगामात एका गटाने आपल्या शिवारातली वापरातली बिळे मोजून वनरक्षकाकडे नोंदवली आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळाला, तर कोणत्या गावात खड्डे झाल्यावर खोकड परतले आणि कोणत्या गावात नाही, हे तीन-चार वर्षांत आकड्यांनिशी सांगता येईल.